मटिल्डा, स्टीफन आणि आमच्या घरचं लॉगबुक

मध्ययुगात इंग्लंडच्या गादीवरून अठरा-एकोणीस वर्षं जी मारामारी चालली, तिच्यात स्टीफन बरोबर होता असं माझ्या वडिलांचं मत होतं. ते मत त्यांनी माझ्या दहावीच्या वर्षात मला इतक्या वेळा ऐकवलं, की अजूनही कुणी स्टीफनचं नाव काढलं की माझ्या कपाळाला आठी पडते. आता मी स्वतः इतिहास शिकवते, आणि दरवर्षी वर्गासमोर तो राजा येतोच. मुलांना वाटतं मॅडमना तो आवडत नाही. मुलांना काय सांगणार, की तो राजा कुवेतमधल्या आमच्या महबूल्याच्या दोन खोल्यांच्या घरात वर्षभर जेवायला बसत होता आणि वर बाबांच्या तोंडून बोलत होता!

बाबा इतिहासाचे नव्हतेच. ते नाशिकचे केमिकल इंजिनिअर, कुवेतमधल्या एका रिफायनरीत शिफ्ट इनचार्ज. प्लांटमध्ये जाणाऱ्या शिफ्टने येणाऱ्या शिफ्टला चार्ज द्यायचा असतो. काय चालू, काय बंद, कुठे गळती, सगळं लॉगबुकात लिहायचं आणि येणाऱ्याने ते वाचून खाली सही करायची. यात चूक झाली तर माणसं मरतात, असं बाबा म्हणायचे, आणि ते खरंच होतं. पण तीच पद्धत त्यांनी घरात आणली, त्याला काय म्हणायचं? फ्रिजवर एक जाड वही दोरीने बांधलेली असे. बाबा ड्यूटीवरून आले की बूट काढायच्या आधी ती वही बघत. टाकीत पाणी आलं का, एसीचं टिपकणं थांबलं का, सिलिंडर कधी बदलला, गॅसचा रेग्युलेटर बंद केला का, हे सगळं घरच्या शिफ्टने, म्हणजे मी, लिहून ठेवायचं. मग बाबा वाचत, खाली ‘वाचलं, समजलं, घेतलं’ असं लिहीत, वेळ टाकत आणि सही करत. मजकूर आणि सही यांच्यामध्ये रिकामी जागा उरली, तर तिच्यावर पट्टी लावून एक तिरपी रेघ मारत. नंतर कुणी मागाहून काही घुसडू नये म्हणून. आमच्या घरात कोण काय घुसडणार होतं, देव जाणे.

आई त्या वहीत अक्षरही लिहीत नसे. ‘मी संसार करते, प्लांट चालवत नाही,’ असं ती एकदा म्हणाली आणि त्यावर कायम राहिली. ती खिडकीजवळ बसून मटकी निवडायची, एसीची घरघर चालू असायची, खालून कुठल्या तरी गाडीचा हॉर्न यायचा. बाबा वहीतून मान वर न करता विचारायचे, ‘रेग्युलेटर?’ आई म्हणायची, ‘भाजी खाऊन बघा, शिजलीय म्हणजे गॅस होता, आणि तुम्ही जिवंत आहात म्हणजे बंद केला.’ बाबांना हे उत्तर चालत नसे. मग मी उठून रेग्युलेटर बघून यायची आणि लिहायची. आदल्या दिवशीचा उरलेला खुबूस, म्हणजे इथल्या बेकरीची जाड रोटी, कुस्करून आई कांदा-मोहरीची फोडणी द्यायची. फोडणीच्या पोळीसारखाच, पण किंचित चिवट. त्या खमंग वासात मी रेग्युलेटर लिहायची. माझं सगळं बालपण असं गेलं.

त्या वर्षी इतिहासाच्या पेपरला ही इंग्लंडची भानगड आली. आमची शाळा इंग्लंडच्या बोर्डाची, इतिहास शिकवायला गोव्याच्या मिसेस परेरा. गोष्ट तशी सरळ होती. हेन्री राजाचा एकुलता एक औरस मुलगा समुद्रात बुडाला. उरली मुलगी, मटिल्डा. राजाने सगळ्या सरदारांना बोलावून शपथ घ्यायला लावली, की माझ्यामागे हिलाच गादीवर बसवायचं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. शपथ घेणाऱ्यांत पुढे होता राजाचा भाचा, स्टीफन. मग राजा समुद्रापलीकडे नॉर्मंडीत वारला. मटिल्डा नवऱ्याच्या मुलखात, तिला दिवस गेलेले. स्टीफन तडक बोटीत बसला, लंडनला आला आणि मुकुट घालून मोकळा झाला. शपथ घेतलेले बहुतेक सगळे सरदार मुंडी हलवून त्याच्या बाजूला गेले. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रागाने वही आपटली. पंधरा वर्षांची होते. मला मटिल्डा पटली होती, तिच्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं, फक्त ती बरोबर होती.

इतिहासाची ट्यूशन आमच्याकडे कुणी घेत नसे. महबूल्यात चार इमारतींत मिळून फिजिक्सचे तीन सर होते, गणिताचे पाच. इतिहास म्हणजे पाठ करायचा विषय, त्याला सर कशाला? म्हणून बाबांनी ते काम अंगावर घेतलं. प्लांटमधून जुन्या ड्रॉइंगचे मोठे कागद आणले आणि त्यांच्या पाठच्या कोऱ्या बाजूला ते युद्ध काढलं. वरती इंग्लंड, खाली नॉर्मंडी, मधल्या समुद्रावर एक व्हॉल्व्ह. मटिल्डा मुख्य पंप, स्टीफन स्टँडबाय, म्हणजे राखीव.

‘हे बघ मंजू,’ बाबा म्हणाले, ‘राजा गेला. म्हणजे पॅनलवरचा माणूस पडला. पॅनल म्हणजे जिथे बसून सगळा प्लांट चालतो ती जागा. आता येणारा माणूस कुठाय?’

‘येणारी,’ मी म्हटलं. ‘ती आजारी होती... म्हणजे, तिला बाळ होणार होतं.’

‘असेल. पण जागेवर नाही. पॅनल रिकामं ठेवता येत नाही. मग जवळ जो लायक माणूस आहे तो बसतो. स्टीफन बसला. काय चुकलं त्याचं?’

‘त्याने शपथ घेतली होती बाबा! सगळ्यांनी घेतली होती!’

‘तोंडी,’ बाबा म्हणाले. ‘वहीत कुठाय? चार्ज दिल्याची सही कुणाची?’

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘त्या काळी लिहिता किती जणांना येत होतं?’ बाबांनी हे ऐकून न ऐकल्यासारखं केलं. असा वाद रोज. मी रडकुंडीला येई, बाबा शांत. त्यांची शांतता तर मला अगदी असह्य व्हायची. इतका समजूतदार चेहरा करून कुणी चुकीचं बोलत असेल तर माणसाने करायचं काय?

मटिल्डाबद्दल मला एकच गोष्ट समजत नव्हती. ती एका हिवाळ्यात किल्ल्यात वेढली गेली आणि पांढरे कपडे घालून बर्फातून, गोठलेल्या नदीवरून चालत निसटली. बर्फ मी पाहिला नव्हता. आमच्या इमारतीखाली रत्नागिरीच्या इस्माईलचाचांचं वाणसामानाचं दुकान होतं. इथे त्याला बक्काला म्हणतात. त्यांच्या आइस्क्रीमच्या फ्रीजरच्या भिंतींवर बोटभर जाड पांढरा थर साचलेला असे. मी विचारलं, ‘चाचा, यात हात घालू?’ ते म्हणाले, ‘घाल गो पोरी, पण कशाला?’ मी सांगितलं. त्यांनी सगळी गोष्ट ऐकून घेतली, मध्येच एका गिऱ्हाईकाला दूध दिलं आणि विचारलं, ‘मग गादी गावली काय तिला?’ नाही म्हटलं. ‘तिच्या पोराला?’ हो, शेवटी स्टीफन मरेपर्यंत राजा आणि त्याच्यामागे मटिल्डाचा मुलगा, असा समझोता झाला. चाचांनी मान हलवली. ‘म्हणजे सगळ्यांची तोंडं राखली. बरा केला.’ मला काही ते बरं वाटलं नाही. माझा हात बधिर झाला होता, आणि मला तिला मुकुट घातलेला बघायचा होता.

आता खरा विषय. मला अकरावीला इतिहास घ्यायचा होता. आमच्या ओळखीत असं कुणी केलं नव्हतं. इंजिनिअरांची मुलं सायन्स घेतात, हे इथे विचारायची सुद्धा पद्धत नव्हती. एका शुक्रवारी इस्माईलचाचा जेवायला आले होते. त्यांनी झुबैदी, म्हणजे इथलं पापलेट, आणलं होतं आणि आईने ते आपल्या पद्धतीने, चिंच-तिखट लावून तळलं होतं. चाचा सहज म्हणाले, ‘काय साहेब, पोरीला इतिहासच शिकू द्या की आता. सगळी लढाई तोंडपाठ हाय तिला.’ बाबांचं पोट भरलेलं होतं, मन खूश होतं. ते म्हणाले, ‘इतिहासात ए आणला तर अकरावीला इतिहास. शब्द देतो.’ मी तिथल्या तिथे ओरडले. आईने माशाचा तुकडा वाढता वाढता बाबांकडे एकदा बघितलं. दुसऱ्या दिवशी सिलिंडर बदलला, टाकीत पाणी आलं, हे मी वहीत लिहिलं. शब्दाचं लिहायचं मला सुचलं नाही. शब्द काय वहीत लिहायचा असतो का?

परीक्षेत प्रश्न आला: सर्वांनी मटिल्डाची शपथ घेतलेली असताना स्टीफन राजा का होऊ शकला? मी पेन उचललं, आणि वर्षभर ज्याच्याशी भांडले ते बाबांचं सगळं म्हणणं माझ्या हातून कागदावर उतरलं. गादी रिकामी ठेवता येत नाही, हजर असलेला माणूस बसतो, चार्ज देण्याची लेखी पद्धत नव्हती, सगळं. पानं भरली. बाहेर आल्यावर मला माझाच राग आला. मटिल्डाला मी परीक्षेत विकलं होतं.

सुट्टीत आई आणि मी नाशिकला गेलो. दरवर्षी जायचो. कुवेतचा उन्हाळा बायकापोरांनी भारतात काढायचा आणि नवऱ्यांनी इथे एकटं राहून खुबूस आणि अंडी खायची, अशी रीतच होती. ऑगस्टमध्ये निकाल लागला. बाबांनी फोन केला आणि म्हणाले, ‘ए आला.’ आवाजात आनंद होता. मी नाचले. आत्याने पेढे आणले. फोनवर त्यांनी आणखी काहीही सांगितलं नाही.

सप्टेंबरमध्ये आम्ही परत आलो. दुपारी सामान खोलीत ठेवतानाच टेबलावर शाळेत भरून दिलेल्या फॉर्मची प्रत दिसली. अकरावी सायन्स, माझं नाव, बाबांची सही. शेजारी फिजिक्सच्या सरांच्या बॅचचं वेळापत्रक. झालं होतं असं, की बाबांचे प्लांटमधले मित्र साठेकाका येऊन त्यांना म्हणाले होते, ‘सरांच्या बॅचला दोनच जागा उरल्यात, आज नाव दिलं नाही तर गेली, वर्ष फुकट जाईल पोरीचं.’ आणि बाबा तडक निघाले होते.

‘तुम्ही शब्द दिला होता,’ मी म्हटलं.

‘दिला होता. पण तू इथे नव्हतीस मंजू. निर्णय घ्यावा लागला. पॅनल रिकामं—’

‘ते पॅनल मध्ये आणू नका!’ मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या मल्याळी कुटुंबाचा दरवाजा उघडून बंद झाला. ‘तुम्ही स्टीफन आहात बाबा. अगदी तंतोतंत!’

मला वाटलं ते चिडतील. ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते विचार करून, अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, ‘वहीत असतं तर मी एक शब्द बोललो नसतो. माझी सही असती तर विषयच नव्हता. पण नुसतं जेवताना बोललेलं...’ आणि ते फ्रिजकडे बघू लागले, जणू ती वही तरी आपली बाजू घेईल. मी बॅग तशीच टाकली आणि तोंड भिंतीकडे करून पडले. आई म्हणाली, ‘मंजू, आधी जेव.’ एवढंच. त्या दिवशी मला आईचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी बाबा सकाळच्या शिफ्टला गेले. मी उपाशी शाळेत गेले, सायन्सच्या वर्गात बसले आणि फळ्याकडे न बघता घरी आले. दुपारी बाबा आले. बूट काढायच्या आधी त्यांनी सवयीने फ्रिजकडे बघितलं, तर तिथे चालू वही नव्हती. जेवणाच्या टेबलावर जुनी वही उघडी होती. भरलेल्या वह्या कपाटावरच्या बॅगेत ठेवलेल्या असत, त्यातली ही. आई हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, ‘वाचा.’

मी बाबांच्या खांद्यावरून बघितलं. त्या शुक्रवारनंतरच्या दिवसाचं पान. वर माझं अक्षर: सिलिंडर बदलला, टाकीत पाणी आलं. त्याखाली आईचं अक्षर, त्या वहीतली तिची एकुलती एक नोंद. ‘मंजूला इतिहासात ए मिळाला तर अकरावीला इतिहास. काल जेवताना इस्माईलचाचांसमोर कबूल केलं. पुढे पाळावं.’ आणि तिच्याखाली बाबांचं: वाचलं, समजलं, घेतलं. वेळ. सही.

बाबांनी चष्मा घातला. पान वाचलं, मग वही खिडकीशी नेऊन पुन्हा वाचली. पानावरून अंगठा फिरवला. इतका वेळ घेतला की मी रागात असूनही मला वाटलं, आता बसा तरी. आई जागची हलली नाही. मग बाबा वही मिटून म्हणाले, ‘मी न वाचता सही केली.’

शिफ्ट इनचार्जने हे म्हणणं म्हणजे काय, हे तेव्हा मला कळत होतं आणि तरी मला काही वाटलं नाही. मी जिंकले होते. बाबांनी लगेच साठेकाकांना फोन लावला आणि आमच्यासमोर, पडेल आवाजात नाही, नेहमीच्या आवाजात सांगितलं, ‘साठे, सरांना सांगून मंजूचं नाव काढा. चूक माझी. लॉगबुकला न वाचता सही केली होती.’ साठेकाकांनी ही गंमत दोन दिवसांत सगळ्या प्लांटमध्ये पोहोचवली. पुढे कित्येक वर्षं, बाबा निवृत्त होईपर्यंत, कुणीही त्यांच्यापुढे कागद ठेवला की म्हणे, ‘कुलकर्णी, वाचून सही करा हं!’ घरी आलेले पाहुणे हसत, बाबाही हसत. मी तर सगळ्यात जास्त हसायची. अकरावीला मी इतिहास घेतला, पुढेही तोच घेतला, आणि आज त्याच महबूल्यात, आता अंगावर येतील इतक्या दाट झालेल्या इमारतींमधून, इतिहास शिकवायला जाते. माझी मुलगी सगळ्याला इंग्रजीत उत्तर देते आणि तिला इतिहास कंटाळवाणा वाटतो. हे मी निमूटपणे सोसते आहे.

आई गेल्या वर्षी गेली. नाशिकचं घर आवरताना त्या वह्या निघाल्या. बाबा म्हणाले, ‘रद्दीत घाल.’ मी एक ठेवली, कुठली ते सांगायला नको. इथे आल्यावर एका सुट्टीच्या सकाळी खिडकीशी बसून ती उघडली. चष्मा आता मलाही लागतो. ते पान मी त्या दुपारनंतर पहिल्यांदा बघत होते, आणि दोन मिनिटांत मला जे दिसलं ते तेव्हा, डोळे चांगले असताना, दिसलं नव्हतं. माझ्या नोंदीपासून बाबांच्या सहीपर्यंत एक तिरपी रेघ होती. पट्टी लावून मारलेली, नेहमीची. आणि आईच्या तिन्ही वाक्यांची अक्षरं त्या रेघेच्या वरून गेलेली होती. रेघ आधी, अक्षरं नंतर. शाईसुद्धा वेगळी, नाशिकहून त्या सुट्टीत आणलेल्या पेनाची असावी.

वहीवर अंगठा फिरवून बघणारा माणूस मला आठवला. ज्याने रोज ती रेघ स्वतः मारली, त्याला ती ओलांडून लिहिलेलं दिसलं नसेल? पहिल्या नजरेतच दिसलं असणार. आयुष्यात एकदाही न वाचता सही न केलेला माणूस, आणि त्याने आख्ख्या प्लांटला सांगितलं की मी केली. मी किती हसले होते! मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या स्वतःचा इतका राग आला, आणि बाबांचा त्याहून जास्त. सांगायचं नाही का माणसाने? एकदा तरी?

मी फोन लावला. बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत, एकटे राहतात, ऐकू कमी येतं. मी ओरडून विचारलं, ‘बाबा, आईची ती ओळ रेघेवर लिहिलेली होती. तुम्हाला दिसलं होतं ना?’

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाल्याचा आवाज आला.

‘सही माझी होती ना?’ बाबा म्हणाले. ‘मग?’

‘पण तुम्ही तिला का नाही म्हणालात, की हे तू आत्ता लिहिलंस?’

‘तिने पहिल्यांदा वहीत काही लिहिलं होतं मंजू,’ ते म्हणाले. ‘ते खोडायचं?’

मी फोन कानाला धरून आईच्या अक्षरांवरून अंगठा फिरवत बसले. बाबांना वाटलं फोन कटला. दोनदा हॅलो म्हणाले, आणि मग मी ऐकते आहे असं धरून, नेहमीच्या वैताग आणणाऱ्या शांत आवाजात विचारलं, ‘रेग्युलेटर बंद केलास का?’